पहिल्या दिवसानंतरही कृपाच

प्रार्थनासभेत साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस बहुधा एकाच दिवसाविषयी बोलतो. मी पापात होतो, प्रभूने मला शोधले, क्षमा केली आणि माझे जीवन पालटले, असा त्या साक्षीचा क्रम असतो. अशा साक्षी ऐकून माझा स्वतःचा विश्वास अनेकदा बळावला आहे आणि त्यांचे मोल कमी करण्याची माझी मुळीच इच्छा नाही. परंतु त्या दिवसाला वीस-पंचवीस वर्षे उलटून गेल्यावर, जेव्हा उपासना, दानधर्म, शास्त्रवाचन हे सारे अंगवळणी पडलेले असते आणि मंडळीत आपल्याला मान मिळू लागलेला असतो, तेव्हा देवाच्या कृपेशी आपला संबंध काय उरतो, हा प्रश्न आपण एकमेकांना क्वचितच विचारतो. माझ्या मते ख्रिस्ती माणसाला कृपेची गरज सर्वांत जास्त भासायला हवी ती याच मधल्या वर्षांत, आणि नेमका याच वर्षांत तिचा विसर पडतो.

हा विसर नवा नाही. पहिल्या शतकातल्या गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांनी ख्रिस्ताला सोडले नव्हते. ख्रिस्तावरील विश्वासाला सुंतेची आणि नियमशास्त्राच्या पालनाची जोड दिली की आपली धार्मिकता परिपूर्ण होईल, एवढेच त्यांना वाटू लागले होते. तरीही प्रेषित पौलाने दुसऱ्या कोणत्याही मंडळीला लिहिले नसेल इतक्या कठोर शब्दांत त्यांना लिहिले आणि तिसऱ्या अध्यायात थेट विचारले की, आत्म्याने आरंभ करून आता तुम्ही देहाने शेवट करणार आहात काय? त्याची चिंता समजून घेतली पाहिजे. तारण फुकट मिळाले, पण त्यापुढची वाटचाल आपली आपल्यालाच निभावायची आहे, अशी वाटणी एकदा मनाशी केली की माणूस देवाचे लेकरू राहत नाही, तो देवाचा नोकर होतो आणि महिनाअखेरीस पगाराची वाट पाहू लागतो.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातील वचन आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झाले आहे, ते तुमच्या हातून झालेले नाही, ते देवाचे दान आहे. दुसऱ्या अध्यायातील आठवे आणि नववे वचन म्हणून आपण थांबतो, पण पौल तेथे थांबलेला नाही. दहाव्या वचनात तो म्हणतो की, जी सत्कर्मे करीत आपण चालायचे आहे तीदेखील देवाने अगोदरच सिद्ध करून ठेवली आहेत. म्हणजे आपण ज्यांना आपली कमाई समजतो ती कर्मेसुद्धा दानाच्याच बाजूला मांडलेली आहेत.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला मी जसजसा वयाने वाढलो तसतसा मला अधिक अवघड वाटू लागला. धनी पहाटे कामकऱ्यांना एक दिनार ठरवून मळ्यात पाठवतो. मग तो नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता आणि अगदी शेवटी पाच वाजता बाजारात जाऊन आणखी माणसे घेऊन येतो. सर्वांना सारखेच वेतन मिळाले, हे तर आपल्या लक्षात असतेच. लक्षातून निसटतो तो वेतन वाटण्याचा क्रम. धनी कारभाऱ्याला सांगतो की, शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर. पहाटे आलेल्यांना आधी पैसे दिले असते तर ते आपापला दिनार घेऊन समाधानाने घरी गेले असते, आणि मागे कोणाला किती मिळाले हे त्यांना कधी कळलेही नसते. येशूने दाखला असा रचला आहे की, जुन्या कामकऱ्यांना उभे राहून हे सारे पाहावेच लागते. आम्ही दिवसभर उन्हात राबलो आणि यांनी एकच तास काम केले, ही त्यांची तक्रार हिशेबाने पाहता खोटी नाही. त्यांच्या वाट्याचे काहीही कमी झालेले नाही, दुसऱ्याला मिळालेले तेवढे त्यांना सोसवत नाही. धन्याचा त्यांना प्रश्न आहे की, मी उदार आहे हे तुमच्या डोळ्यांत सलते काय? हा प्रश्न मळ्यात आयुष्य घालवलेल्यांना विचारलेला आहे, बाहेरच्यांना नाही, आणि म्हणून तो मला विचारलेला आहे असे समजूनच मी तो वाचतो.

याच अनुषंगाने येशूच्या दुसऱ्या एका दाखल्यातील, मंदिरात प्रार्थना करणाऱ्या परूश्याचाही, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहूदी पंथातील माणसाचाही, विचार करावासा वाटतो. त्याची प्रार्थना आभाराने सुरू होते, हे आपण विसरतो. मी माझ्या बळावर नीतिमान झालो, असे तो म्हणत नाही. हे देवा, मी तुझे आभार मानतो, असेच तो म्हणतो. कृपेची भाषा त्याला पूर्णपणे येते, परंतु आभार मानता मानता त्याची नजर तेथेच उभ्या असलेल्या, लोक पापी समजत त्या जकातदाराकडे वळते आणि दान म्हणून मिळालेली वस्तू तो दुसऱ्याला मोजण्याचे माप म्हणून वापरू लागतो. तोंडी कृपेचा शब्द असला म्हणजे मनात कृपा असतेच असे नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण शुभवर्तमानात मला दुसरे सापडत नाही.

मंडळीच्या इतिहासात या प्रश्नावर सर्वांत मोठा वाद झाला तो पाचव्या शतकाच्या आरंभी. पेलाजियस हा ब्रिटनहून रोमला आलेला व्रतस्थ मनुष्य होता. आजचा वाचक त्याला पाखंडी म्हणून बाजूला सारतो, पण त्याची तळमळ प्रामाणिक होती. रोममधील ख्रिस्ती लोकांची ढिली नीतिमत्ता त्याला अस्वस्थ करीत होती. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने देवाला उद्देशून लिहिले होते की, तू जी आज्ञा करतोस ते मला दे, आणि मग तुझी इच्छा असेल ती आज्ञा कर. हे वाक्य ऐकून पेलाजियस संतापला, कारण अशा प्रार्थनेमुळे माणसाला आळशीपणाची सबब मिळेल असे त्याला वाटले. देवाने आज्ञा दिली याचाच अर्थ ती पाळण्याचे सामर्थ्य माणसात आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. ऑगस्टीनला मात्र स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक होते की, योग्य काय हे कळणे आणि ते करण्याची इच्छा होणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि ज्या जागी इच्छाच आजारी आहे तेथे केवळ उपदेश पुरत नाही. 418 साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची शिकवण नाकारली. 529 साली ऑरेंजच्या परिषदेने आणखी पुढे जाऊन सांगितले की, विश्वासाची पहिली ओढसुद्धा कृपेचेच कार्य आहे. माणूस देवाकडे वळण्याआधी देव त्याच्याकडे वळलेला असतो.

पुढे सोळाव्या शतकात माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो या प्रश्नावरून पश्चिमेकडील मंडळी दुभंगली. त्याचा सगळा इतिहास येथे सांगण्याचे कारण नाही. एवढे मात्र नोंदवले पाहिजे की, 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथॉलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धांताविषयी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि 2006 साली मेथडिस्ट मंडळ्यांनीही त्याला संमती दिली. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, असे त्यांनी एकत्र कबूल केले. सर्व मतभेद मिटले असे कोणीही म्हटले नाही, परंतु एवढे एकत्र म्हणता आले याबद्दल मी देवाचे मनापासून आभार मानतो.

पेलाजियसची भीती मात्र तेवढ्याने निकालात निघत नाही, आणि ती निघूही नये. कृपा वाढावी म्हणून आपण पाप करीत राहावे काय, हा प्रश्न खुद्द पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात उपस्थित केला आहे. जर्मनीतील पाळक डीट्रिख बॉनहोफर यांनी 1937 साली, नाझी राजवटीपुढे मंडळ्या माना तुकवीत असताना, स्वस्त कृपेविरुद्ध लिहिले. पश्चात्तापावाचून क्षमा आणि क्रूसावाचून शिष्यत्व सांगणारी कृपा ही मंडळीची वैरीण आहे, असे त्यांचे म्हणणे होते. 9 एप्रिल 1945 रोजी त्यांना फाशी देण्यात आली, त्यामुळे त्यांच्या लिखाणाला केवळ तात्त्विक मत मानता येत नाही. तीताला लिहिलेल्या पत्रात कृपा आपल्याला शिकवते असे म्हटले आहे. अभक्तीला आणि ऐहिक वासनांना नाही म्हणायला ती शिकवते. म्हणजे कृपेला सौम्य स्वभावाची समजून तिच्याकडून सूट मागणाऱ्याने तिची ओळखच करून घेतलेली नाही.

मग माणसाच्या प्रयत्नांचे काय? येथे पौलाचे दोन उद्गार मला फार उपयोगी पडले आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्रात तो म्हणतो की, मी जो काही आहे तो देवाच्या कृपेने आहे, इतर सर्वांपेक्षा मी अधिक श्रम केले, आणि लगेच पुढे म्हणतो की, ते मी केले असे नाही, तर माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने केले. फिलिप्पैकरांस तो सांगतो की, भीत व कापत आपले तारण साधून घ्या, कारण इच्छा करणे आणि कृती करणे हे तुमच्यामध्ये साधून देणारा देव आहे. यातील ‘कारण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. देव कार्य करतो म्हणून तू स्वस्थ बस, असे पौल म्हणत नाही. देव कार्य करतो म्हणूनच तुझ्या श्रमाला अर्थ आहे, असे तो सांगतो. श्रम आणि कृपा यांची वाटणी निम्मी-निम्मी नाही. सगळा श्रम माझा आहे आणि सगळी कृपा देवाची आहे.

हे मला पुस्तकांपेक्षा वडिलांच्या आजारपणात अधिक समजले. पक्षाघातानंतर त्यांचे बोलणे अस्पष्ट झाले होते आणि रात्री एकदा जाग आली की ते तोच तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारीत. पहाटे तीनच्या सुमारास ओली चादर काढून कोरडी घालताना, एका हाताने त्यांना कुशीवर धरून दुसऱ्या हाताने चादरीचे टोक गादीखाली खोचताना, माझ्या मनात कोणतीही उदात्त भावना नसे. मी फक्त एवढेच म्हणत असे की, प्रभो, पुढच्या वेळी ते विचारतील तेव्हा मला नीट उत्तर देता येऊ दे. आणि उत्तर देता येत असे. सामर्थ्याचा साठा माझ्याजवळ कधीच झाला नाही, दुसऱ्या रात्रीसाठी काही शिल्लक उरली नाही, पण त्या वेळेपुरते मिळत गेले. आपल्याला छळणारा देहातला काटा काढून टाक अशी पौलाने प्रभूला तीनदा विनंती केली तेव्हा काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच उत्तर त्याला मिळाले. ‘पुरे’ म्हणजे भरपूर असे मला पूर्वी वाटत असे. आता मी त्याचा अर्थ ‘आजच्यापुरते नक्की’ असा घेतो, आणि तो मला अधिक खरा वाटतो.

बाप्तिस्मा, प्रभुभोजन, शास्त्रवाचन, प्रार्थना आणि पापांगीकार यांना कृपेची साधने म्हणतात. त्यांचे स्वरूप आणि संख्या यांविषयी मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. मला येथे एवढेच म्हणायचे आहे की, जुन्या विश्वासणाऱ्याने ती आपल्या निष्ठेचा पुरावा म्हणून न वापरता रिकाम्या हातांनी त्यांच्याकडे जावे. प्रभूच्या प्रार्थनेत भाकरीला लागूनच क्षमेची मागणी आहे, आणि ती प्रार्थना येशूने नव्याने आलेल्यांना नव्हे, सोबत चालणाऱ्या शिष्यांना शिकवली.

जुना विश्वासणारा पडतो तेव्हा काय होते, हे येशूचा शिष्य पेत्र याच्या बाबतीत दिसते. त्याने येशूला नाकारण्याच्या आधीच येशू त्याला म्हणाला होता की, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. पतनाच्या आधी प्रार्थना झाली होती आणि परतल्यानंतरचे कामही नेमून दिले होते. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशू त्याला तीनदा प्रीतीविषयी विचारतो. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी होतो, आणि ते दुःख टाळले जात नाही. जखम न उघडता वरून मलम लावण्याची घाई येशूने केली नाही.

हीच घाई आपण मात्र वारंवार करतो, आणि याविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराला दहा हजार तलांतांचे कर्ज माफ झाले. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे होते. त्याच्या सोबत्याकडे त्याचे येणे होते शंभर दिनार, आणि ते मात्र त्याने माफ केले नाहीत. प्रवचनात ही रक्कम क्षुल्लक म्हणून सांगितली जाते, पण मजुरी करणाऱ्या माणसाची शंभर दिवसांची कमाई क्षुल्लक नसते. ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला आहे, ज्याला घरात मारहाण झाली आहे किंवा विश्वासाने दिलेले पैसे बुडवले गेले आहेत, त्याला कृपेचे नाव घेऊन आजच्या आज विसरून जा असे सांगणारे लोक येशूचा दाखला अर्धाच सांगतात. दाखला शंभर दिनारांना शून्य म्हणत नाही. ते शंभरच आहेत आणि ज्याचे बुडाले त्याला ते माहीत आहे. शिवाय त्याच अध्यायात, या दाखल्याच्या अगदी आधी, अपराध करणाऱ्या भावाकडे जाऊन त्याचा दोष त्याला एकांतात दाखवण्याची, तो ऐकत नसेल तर एकदोघांना बरोबर नेण्याची आणि तरीही ऐकत नसेल तर मंडळीला कळवण्याची रीत येशूने घालून दिली आहे. क्षमा करण्याची आज्ञा आणि अन्याय उघडपणे सांगण्याची रीत एकाच अध्यायात, एकाच्याच तोंडून आली आहे, आणि पाळकांनी व वडीलजनांनी त्यांतील दुसरी गाळून पहिली कोणावरही लादू नये.