अजिंक्यतारा आणि पाण्याच्या वाटा

अजिंक्यतारा म्हटलं की साताऱ्यात गडाच्या गोष्टी निघतात. १६७३ साली शिवाजी महाराजांनी घेतला, १७०० मध्ये औरंगजेबाच्या वेढ्यात पडला. पावसाळ्यात मात्र हा डोंगर पाण्याच्या वाटेनं बघावा. माथ्यावरचा पाऊस उत्तरेला ओघळला तर शहरातून वेण्णा नदीला जातो, दक्षिणेला उतरला तर उरमोडी नदीला. शेवटी दोन्ही कृष्णेतच. वेण्णा माहुलीला, उरमोडी बरीच खाली. पश्चिमेला डोंगराची हीच धार यवतेश्वराकडे जाते. ती आडवी आली म्हणून बोगदा पाडावा लागला. परळी-सज्जनगडाची वाट त्यातूनच आहे.

डोंगर बेसाल्टच्या थरांचा. टणक थराचा कडा होतो, मऊ मुरमाड थराचा गवताळ उतार. वरच्या भेगांतून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थरावर अडतं, आडवं सरकतं आणि उताराला पाझर फुटतो. मऊ थर झिजला की कड्याचा आधार जातो, धोंडा सुटतो. म्हणून दरडीची खरी भीती वळवाच्या सरीला नसते, चार-पाच दिवस झड लागली की असते.

पायथ्याला घरासाठी उतार उभा कापणं सगळ्यात वाईट. कापायचाच तर टप्प्याटप्प्यानं. मागच्या भिंतीत पाणी निघायला पाइपाचे तुकडे बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवावेत, भिंतीमागे माती नको, खडी भरावी. नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला पोट येतं. गिलावा करून ते झाकणारेही आहेत!

वाहतं पाणी अडवायला उतारावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर काढतात: दोन फूट रुंद, फूटभर खोल, माती खालच्या अंगाला. पातळी डोळ्यानं धरू नये, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं धरावी. चर जरा कलला की सगळं पाणी एका टोकाला जमतं आणि तिथून नवी ओघळ पाडतं. त्यापेक्षा चर नसलेला परवडतो. ओघळीत चर नाही, अनगड, म्हणजे न घडवलेल्या दगडांचा बांध घालायचा. मोठे दगड खालच्या बाजूला, मधला भाग कडेपेक्षा खोलगट. तो सपाट ठेवला तर पाणी काठ खाऊन बांधाला वळसा घालतं.

एवढं करूनही उन्हाळ्यात वणवा लागला तर जूनच्या पहिल्या पावसात राखेसकट माती चरात उतरते आणि चर बुजतो. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला आधीच गवत जाळून मोकळा केलेला पट्टा, दिवाळीनंतर, गवत पिवळं पडू लागलं की काढावी. गवत कडकडीत वाळल्यावर काढायला गेलं, की रेषा जाळतानाच आग हाताबाहेर जाते.