चौकाचा आवाज संगणकावर मांडताना
आज दिवसभर कोल्हापूरच्या ताराराणी चौकातील वाहतुकीचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये मांडत होतो. वाहनांची संख्या, अवजड गाड्यांचे प्रमाण, वेग, चढ आणि इमारतींची उंची भरली की कोणत्या खिडकीपाशी किती डेसिबल पोहोचतात, ते नकाशावर रंगांत उमटते. वाहतूक निम्मी केली तरी आवाज जेमतेम 3 डेसिबलने उतरतो, हे पाहून मन खट्टू होते. रेल्वेचे गणित वेगळे. गाडी निघून जाते, आणि झोपमोड करणारा तो एक क्षण रात्रभराच्या सरासरीत बुडून जातो. मला मात्र मोठी उणीव हॉर्नची वाटते: युरोपात घडलेल्या सूत्रांत टायर आणि इंजिन आहे, आपला कर्कश हॉर्न नाही. निवासी भागाची रात्रीची 45 डेसिबलची मर्यादा तपासायची, तर चौकात मीटर घेऊन उभे राहावेच लागेल.