जुनी गाडी सिंहगडावर न्यायची तर

जुन्या गाड्यांचा ताफा घेऊन सिंहगडावर जायचं ठरलं, की बहुतेक जण रविवार धरतात. रविवार नको. पुणे साधारण ५६० मीटरवर, गड १३०० च्या आसपास, आणि यातली बरीचशी चढण गोळेवाडीचा नाका ओलांडल्यावर घाटात येते. प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन ती दुसऱ्या गिअरवर, तीव्र वळणांवर पहिल्यावर, कुरकुर न करता चढतं. फक्त गाडी चालती हवी. भज्यांसाठी निघालेल्या गर्दीत अडकली की रेडिएटरला वारा मिळत नाही, पट्ट्यावरचा पंखा मंद फिरतो आणि काटा चढायला लागतो. आठवड्यातला दिवस धरा आणि उजाडता उजाडता नाका ओलांडा.

ताफ्यात सगळ्यात मंद गाडी पुढे ठेवायची पद्धत खडकवासल्यापर्यंत ठीक आहे. घाटात मात्र त्यामुळे मागच्यांना हाफ क्लचवर रांगावं लागतं आणि क्लच प्लेटचा वास गोळेवाडीपर्यंत जातो. दमदार गाड्या पुढे सोडा, प्रत्येक दोन गाड्यांत निदान एका वळणाचं अंतर ठेवा. दोर घेतलेली जीप सगळ्यात शेवटी.

तयारीत पहिला मान रेडिएटरच्या झाकणाचा. गडाच्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. सात पौंडी (म्हणजे तेवढा दाब धरणारं) झाकण धड असेल तर त्यात बाराएक अंशांची भर पडते. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर ती भर गेली, आणि वर पोचेपर्यंत पाणी बाहेर. झाकण शंभर-दोनशे रुपयांचं, पण बदलतं कोण? होजपाइप हाताने दाबून बघा : दाबल्यावर आत चिरा दिसल्या किंवा पाइप लगदा लागला तर तो बदलायचा. फॅनबेल्ट अंगठ्याने अर्धा इंच दबावा, जास्त नको.

घाटात बंद पडलेल्या गाडीपाशी हमखास दोन पक्ष पडतात, ‘पेट्रोल येत नाही’ आणि ‘करंट नाही’. वाद घालू नका. प्लगची वायर काढा, टोक इंजिनच्या धातूपासून पाव इंचावर धरा (कोरड्या कापडाने, उघड्या हाताने नाही, आणि जवळपास पेट्रोल सांडलेलं नको) आणि सेल्फ मारा. ठिणगी निळी, ठसठशीत आली तर दोष पेट्रोलचा. एसी पंप, म्हणजे पेट्रोल ओढणारा पंप, इंजिनलाच बसवलेला असतो. तो तापला की आत पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ ओढणारा पंप पेट्रोल ओढत नाही. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं थांबलं की गाडी सुरू होते. ठिणगी पिवळी, मरतुकडी असेल तर कंडेन्सर किंवा कॉइल. थंड असताना चालणारा आणि तापल्यावर दगा देणारा कंडेन्सर ही जुनी खोड आहे, म्हणून एक जादा डिकीत असू द्या, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटच्या संचासोबत. लुकास डिस्ट्रिब्युटर असलेल्या अ‍ॅम्बेसेडरला पॉइंटची फट पंधरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग). वर हवा विरळ, त्यामुळे आयडलिंग थोडं जड वाटेल. पण तेवढ्यासाठी कार्ब्युरेटरचा स्क्रू गडावर फिरवायचा नाही. खाली आल्यावर पुन्हा बिघडतं.

पाणी उकळलंच तर झाकण उघडू नका. अर्धा तास बॉनेट उघडं ठेवा, मग इंजिन चालू करून पाणी थोडं थोडं ओता. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम गेलं तर हेडला तडा जातो, आणि जुन्या गाड्यांची हेडं काही नाना पेठेत दर आठवड्याला मिळत नाहीत.

चढण्यापेक्षा उतरणं जपून. चारही चाकांना ड्रम ब्रेक. सतत दाबत आलात तर ड्रम तापून फुगतो, लायनर गुळगुळीत होतो आणि पेडल खाली जातं. ज्या गिअरवर चढलात, त्याच गिअरवर उतरा, ब्रेक मधूनच आणि ठाम दाबा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं : डॉट ३ नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओल धरलेलं १४० ला. दोन वर्षांहून जुनं असेल तर निघण्याआधी बदला.

विलीज जीपवाल्यांसाठी एक गोष्ट. तुमचा हँडब्रेक चाकांवर नाही, चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. उतारावर पंक्चर काढायला मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळं फिरतं आणि हँडब्रेक सुटल्यासारखाच. जॅक लावायच्या आधी बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा; रस्त्याकडेचा धोंडा चालतो, पण घसरतो.

५० वर्षांवरची गाडी विंटेज गाड्यांच्या व्हीए मालिकेत नोंदवली असेल तर तिला रोजच्या वापराची परवानगी नाही; रॅली आणि प्रदर्शनाची आहे. म्हणून ताफ्याचं पत्रक कागदपत्रांसोबत ठेवा.

परतल्यावर महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकीत ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढतं, जुनं रबर आणि एसी पंपाचा डायफ्रॅम फुगवतं. इंजिन पेट्रोल संपेपर्यंत चालवून कार्ब्युरेटरची वाटी कोरडी करा, आणि दुसऱ्या दिवशी हब, व्हील सिलिंडर गळतीने ओले आहेत का ते बघा.