नव्या एअर पिस्तुलाचा दोष सिद्ध करताना

नवं पिस्तूल हातात आलं आणि माझे शॉट टार्गेटवरच्या आठ गुणांच्या वर्तुळाबाहेर जाऊ लागले. रेंजवर प्रत्येकाचा सल्ला एकच, ट्रिगर झटकू नकोस. क्लबच्या जुन्या पिस्तुलावर मात्र माझे शॉट नऊ-दहात बसत होते. आमच्या प्रशिक्षक सरांनी स्वतः माझ्या पिस्तुलावर एक सिरीज, म्हणजे सलग दहा शॉट मारले, त्यांचेही शॉट तसेच पसरले.

नेमबाज राही सरनोबत, तेजस्विनी सावंत यांच्या कोल्हापुरात कितीतरी मुली घरच्यांना कर्ज काढायला लावून पिस्तूल घेतात. अशा मुलीला दोष हत्याराचा आहे हे कळलंच नाही, तर ती खेळ सोडून देते. म्हणून मी हे प्रकरण तडीस न्यायचं ठरवलं.

हाताचा दोष वगळावा म्हणून सरांनी पिस्तूल व्हाइसमध्ये, म्हणजे घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात बांधलं, जबड्यांना लाकडी पट्ट्या लावून. आधी एकाच लॉटच्या पेलेट (एअर पिस्तुलाच्या छोट्या गोळ्या) मारल्या, मग दुसऱ्या कंपनीच्या. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं आणि बांधलेल्या मॅच पिस्तुलाचे शॉट त्याच्या आतच पडायला हवेत. माझे आठच्या ४३.५ मिलिमीटरच्या वर्तुळातही मावेनात. चांगल्या पिस्तुलासोबत कारखान्यात मारलेल्या चाचणी शॉटचं टेस्ट कार्ड येतं, माझ्या खोक्यात ते नव्हतं.

बाबा शिरोली एमआयडीसीत टर्नर आहेत. आत पेलेट नाही आणि हवेचा सिलिंडर उतरवलेला आहे याची खात्री करून त्यांनी नळीचं तोंड भिंगाखाली धरलं. कडेला बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत कड राहिली होती, कापूस फिरवला की धागे तिथं अडकत होते. अशा कडेमुळे पेलेट बाहेर पडताना हवा एका बाजूनं जास्त सुटते आणि पेलेट कलते. बाबांना ती बर सहज काढता आली असती, पण हत्यार आपण उघडलं की वॉरंटीवर बोट ठेवायला विक्रेत्याला निमित्त मिळतं. आम्ही हात लावला नाही.

मला जास्त काळजी ट्रिगरची वाटली. नियमानं ट्रिगरला न सुटता किमान ५०० ग्रॅमचं वजन पेलावं लागतं. माझा तेवढ्या वजनावर कधी टिकायचा, कधी सुटायचा. स्पर्धेच्या तपासणीत हे चालत नाही, आणि सुरक्षेच्या दृष्टीनं तर मुळीच नाही.

विक्रेता फोनवर म्हणाला, “मॅडम, सवय होईल.” मग मी सगळं लेखी पाठवलं: बिल, सिरीयल नंबर, टार्गेटचे फोटो, वजन लावल्याचा व्हिडिओ, सरांच्या सहीचा अहवाल. उत्तर आलं नाही तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. हे पत्रात लिहिल्यावर कंपनीचा फोन आला आणि बदलीचं पिस्तूल द्यायचं ठरलं.

ते मी दुकानातच तपासलं. नळीचं तोंड गुळगुळीत, ट्रिगरनं वजन पेललं. सिलिंडर भरून रात्रभर तिथंच ठेवायला लावला, सकाळी दाबाचा काटा जागेवर होता, म्हणजे हवा गळत नव्हती. नेम धरायच्या मागच्या साइटचा स्क्रू मात्र याही पिस्तुलात थोडा ढिला आहे. पोचपावतीवर तसं लिहूनच मी सही केली.