तुम्ही विचारलंत म्हणून: रिकामी पेटी विहिरीत का सोडतो

“कॅमेरा न घालता नुसती पेटीच विहिरीत का सोडता?” हे मला इतक्या वेळा विचारलं गेलंय की गावी मी ते काम आता पहाटेच उरकतो. तरी चुलते दिसतातच. “काय रे, गणपती बुडवतोयस का?” पुण्यातले मित्र जरा सभ्यपणे विचारतात, पण त्यांच्या पोटात दुसराच प्रश्न असतो: कुठलं हाउसिंग घेऊ? (हाउसिंग म्हणजे पाण्याखाली फोटो काढताना कॅमेरा ज्यात ठेवतात ती पाणी न शिरणारी पेटी. पण हाउसिंग म्हटलं की आमच्याकडे सोसायटी आठवते, म्हणून मी पेटी म्हणतो.)

दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे, ते आधी. कॅमेरा घेऊन मग पेटी शोधत बसू नका. पेटी बघा आणि तिच्यात बसणारा कॅमेरा घ्या. एका मॉडेलची पेटी पुढच्या मॉडेलला सहसा बसत नाही. एक बटण जरा सरकलं की खेळ खलास. ॲल्युमिनियमची दणकट, जास्त खोल जाणारी, आणि कित्येकदा कॅमेऱ्याहून महाग. पॉलिकार्बोनेटची स्वस्त, आत धुकं लवकर धरणारी, पण पारदर्शक. म्हणजे पाणी शिरताना दिसतं. हा तिचा गुण की आपल्याला शिक्षा, ते मी अजून ठरवलेलं नाही.

माझी पॉलिकार्बोनेटची होती. घेण्याआधी तीन महिने मी 40 मीटरची घ्यावी की 60 मीटरची यावर डोकं फोडलं होतं. आज त्या माणसाला विचारावंसं वाटतं, बाबा रे, मालवणला तू जाणार किती खोल? तो म्हणेल, पुढे अंदमानला जायचंय. बरं. चाळीसची घेतली, आणि ती गेली पाच मीटरवर.

नोव्हेंबरची सकाळ, मालवणात दांडीच्या किनाऱ्यावरून बोट निघालेली. पहिली डुबकी मारून वर आलो तेव्हा लक्षात आलं की मेमरी कार्ड भरलंय. पेटी बोटीतच उघडली. आता म्हणाल, हीच चूक. मीही दुसऱ्याला हेच सांगितलं असतं. पण तेव्हा मला वाटलं, हात पुसले, कार्ड बदललं, झाकण लावलं, यात काय आहे? हात पुसायला शेजाऱ्याचा टॉवेल घेतला. झाकणाच्या कडेला पाणी अडवणारी रबरी रिंग असते, तिच्यावरून बोट फिरवायचं असतं, कण डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. ते फिरवलं नाही. घाई नव्हती, असं मी दोन वर्षं सांगत होतो. घाई होती. बाकीचे पाण्यात उतरले होते.

खडकाखाली एक गोबरा मासा तोंड उघडून बसला होता. स्क्रीनवर तो छान भरला होता, आणि मग पेटीच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. गवंड्याच्या पाणसळीत बुडबुडा सरकतो ना, अगदी तसं. पेटी कलली की ते या टोकाला, परत कलली की त्या टोकाला. पेटी गळायला लागली की बुडबुडे येतील अशी माझी समजूत होती. एकही आला नाही. येणार कसे? आतली हवा वर बोटीत कोंडलेली, बाहेरचा दाब तिच्या दीडपट. पाणी आत येतं, हवा मुकाट दबते.

अशा वेळी लेन्स खाली करून धरायची, म्हणजे पाणी पुढच्या काचेत साठतं आणि कॅमेऱ्याचं अंग काही वेळ तरी कोरडं राहतं. हे मला पाठ होतं. मी काय केलं? नीट बघायला पेटी तोंडासमोर उचलली आणि उलटी केली. स्क्रीनवर गोबऱ्याच्या अंगावरून जांभळे पट्टे गेले आणि तो विझला.

पुढचं मी फारसं कुणाला सांगत नाही. मी श्वास कोंडून सरळ वर निघालो. स्कूबाच्या पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट, श्वास कधीही कोंडायचा नाही. आणि वरच्या त्या शेवटच्या काही मीटरमध्येच फुप्फुसातली हवा सगळ्यात झपाट्याने फुगते. बरोबरच्या दादांनी पायातलं फिन धरून खेचलं, डोळ्यांसमोर हात नाचवला, बुडबुडे सोडायला लावले. वर आल्यावर एवढंच म्हणाले, “मरांदे तो कॅमेरो!”

खोलीवर पेटी उघडली तेव्हा रिंगवर आडवा एक केस होता. काळा. माझे पांढरे आहेत. या एका मुद्द्यावर मी किती दिवस काढले असतील! टॉवेलवाल्याचा केस, म्हणजे चूक त्याची. शिवाय रिंगवर मी वंगण लोण्यासारखं थापलं होतं, केसाला चिकटायला आणखी काय हवं? वंगण पाणी अडवायला नसतं, रिंग सरकती राहायला असतं. नुसती चमक यावी, इतकंच. आणि चाळीस मीटरचं म्हणाल, तर खोल पाणी झाकणाला स्वतःच दाबून धरतं. उथळात ते काम एकट्या खटक्याचं.

म्हणून विहीर. दुसरी पेटी घेतली ती कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालतो, सोबत वाण्याकडचं दोन किलोचं वजन. पेटीत लिटरभर हवा असेल तर किलोभर उचल असते, नुसती पेटी तरंगत बसेल. आत टिश्यू पेपर, पाणी शिरलं तर कळायला. दोर सोडायचा, पाच परस पाणी, म्हणजे नऊएक मीटर. अर्धा तास थांबायचं.

आता व्हॅक्यूमचे पंप मिळतात हे मला माहीत आहे, कृपया परत सांगू नका. पेटीतली हवा थोडी ओढून घ्यायची, हिरवा दिवा टिकला तर ठीक. चांगली सोय आहे, मीही वापरतो. पण तो दाब जेमतेम दोन मीटर पाण्याएवढा, आणि टेबलावर. नऊ मीटरवर बटणं कशी वागतील ते तो सांगत नाही. तसं विहिरीत तरी बटणं कोण दाबतं, असं मुलगी विचारते. तिला उत्तर दिलेलं नाही.

गेल्या खेपेला पेटी वर काढली तर टिश्यूचा एक कोपरा ओलसर होता. दमट हवा आत कोंडली म्हणून दव धरलं, की रिंगने दगा दिला? समुद्र असता तर जिभेला लावून बघितलं असतं. विहिरीचं पाणी गोडं, दवही गोडंच. पेटी टेबलावर उघडी पडलीय, आणि मालवणचं तिकीट शुक्रवारचं आहे.