टाकी-मॉनिटर : कुलूप लावायला गेलो आणि बोर्ड घालवला

टाकीतलं पाणी मोजून पंप सांभाळणारी पेटी मी बनवतो. तिच्यातल्या जेएसएन सेन्सरचं (आवाजाच्या लहरींनी पाण्याचं अंतर मोजणारा) रडगाणं संपलं; पाणी फार जवळ आलं की तो चुकायचा. झाकणावर फूटभर पाइप लावून तो वर घेतला. टाकी काठोकाठ भरली तरी आकडा बरोबर येतो.

आता नवं दुखणं. सहकारनगरच्या काकांचा फोन, "अरे, आमच्या व्याह्यांकडेही तुझीच पेटी बसलीय!" मी तर बसवलीच नव्हती. जाऊन पाहिलं, स्क्रीनवर 'टाकि भरली'. ऱ्हस्व कि! ती बिटमॅप, म्हणजे अक्षरांचं चित्र, मीच काढलेली, चूकही माझीच. म्हणजे कुणीतरी माझं फर्मवेअर, पेटीतल्या चिपचा प्रोग्रॅम, जसंच्या तसं उचललं.

किती सोपं आहे बघायला घरी येऊन माझाच ईएसपी३२ चिपचा बोर्ड ईएसपीटूलने (चिपची मेमरी वाचायचं-लिहायचं साधन) वाचला. चार एमबी, १,१५,२०० बॉडच्या वेगाने सहा-सात मिनिटं. फाइलमध्ये घरच्या वायफायचा पासवर्डसुद्धा उघडा!

मग चढला हट्ट. फ्लॅश एन्क्रिप्शन, म्हणजे चिपच्या मेमरीतला प्रोग्रॅम कुलूपबंद करणं; आधी डेव्हलपमेंट मोड, ज्यात परत फिरता येतं. पहिला बोर्ड झकास. दुसऱ्या दिवशी सवयीने आर्डुइनोतून साधं फर्मवेअर टाकलं, की 'इनव्हॅलिड हेडर' आणि रीसेटचा पाळणा. रात्री दीडला उलगडलं : चिपमध्ये फ्लॅश-क्रिप्ट-काउंटचे सात बिट असतात, एकदा जाळले की कायमचे; जळालेले विषम असतील तर चिप सगळं एन्क्रिप्टेड समजते. अजून एक बिट जाळला, आकडा सम झाला, बोर्ड जिवंत! तेवढ्यात घरच्यांना उठवून चहा मागितला, मिळाला नाही.

त्याच धुंदीत दुसऱ्यावर रिलीज मोड. तिथे परतीची वाट नाही. ओटीए (वायफायवरून फर्मवेअर बदलणं) चालू करायचं राहिलेलं, म्हणजे पुढचं फर्मवेअर कुठूनच जात नाही. बोर्ड आता पेपरवेट.

एवढं करूनही २०१९ मध्ये व्होल्टेज ग्लिच करून (चिपच्या विजेला क्षणभर झटका देऊन तिला चुकवून) ईएसपी३२ च्या किल्ल्या काढून दाखवल्याच होत्या. उपाय तिसऱ्या रिव्हिजनच्या चिपमध्ये आला. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत, रिव्हिजन विचारली तर दुकानदार म्हणाला, "तीस पिनवाला देऊ का अडतीस?"

माझ्या पेट्या अकरा. त्यांच्यासाठी सिक्युअर बूटच्या (फक्त माझी सही असलेलंच फर्मवेअर चालू देण्याच्या) किल्ल्या सांभाळत बसू? ठरलं होतं तसं, पण लिहिता लिहिताच रद्द करतोय. मॅक अॅड्रेसची (प्रत्येक बोर्डाचा वेगळा क्रमांक) तपासणी टाकतो, एका संध्याकाळचं काम. कुणी मोडायचं म्हटलं तर मोडेल, पण नुसती फाइल उचलून दुसऱ्या बोर्डावर टाकणारा उघडा पडेल. मॅक जुळला नाही तरी पंप चालूच राहील; कुणाची टाकी कोरडी ठेवायची नाही. फक्त स्क्रीनवर माझा फोन नंबर येईल. आणि ऱ्हस्व कि तसाच राहणार, तीच माझी सही.

शनिवारी अकराही ठिकाणी फिरून नवं फर्मवेअर टाकायचंय. नऱ्ह्याची टाकी पाचव्या मजल्यावर, लिफ्ट बंद.