आमची वाटचाल : १:२८ रेसिंग गाड्या, टायरपासून टी-प्लेटपर्यंत

आमचं काम तळहातावर मावणाऱ्या, रिमोटवर पळणाऱ्या रेसिंग गाड्यांचं. प्रमाण १:२८, म्हणजे रस्त्यावरची साडेचार मीटरची गाडी आमच्या टेबलावर सोळा सेंटिमीटरची होते. सेल आणि बॉडी धरून वजन १७० ग्रॅमच्या आसपास. १९९९ साली जपानच्या क्योशो कंपनीने मिनी-झेड बाजारात आणली आणि हे माप जगभर रुळलं. सुट्या भागांचा धंदा अजूनही मुख्यतः तिच्याच चेसिसभोवती फिरतो. पुण्यात आम्ही या गाड्या विकतो, जुळवतो, ट्यून करतो आणि आता त्यांचे काही भाग स्वतः बनवतो. वाटचाल सांगायची तर गाडीच्या कुठल्या भागापर्यंत आमचा हात कसा पोचत गेला, तेच सांगावं लागेल.

सुरुवात विक्रीने झाली. तयार गाड्या आणि किट आणायचे, विकायचे. गिऱ्हाइकाचे प्रश्न दोनच: टॉपला किती पळते, आणि मोटर मोठी बसेल का? अजूनही तेच असतात. दुरुस्तीला येणाऱ्या गाड्या मात्र वेगळीच तक्रार घेऊन यायच्या. सरळ जात नाही, डावीकडे नीट वळते पण उजवीकडे नाही, ब्रेक मारला की मागून फिरते. यातलं काहीही मोटर बदलून सुटत नाही. मोठी मोटर टाकली की तोच दोष आणखी जोरात दिसतो, एवढंच. म्हणून गाडी विकण्याआधी ती पूर्ण उघडून परत जुळवून द्यायची, असं ठरलं. आमची दुसरी पायरी ती.

या जुळवणीत जादू काही नाही. प्लास्टिकचे बुश काढून बॉल बेअरिंग घालतो. बेअरिंगमध्ये मुळातलं ग्रीस घट्ट असेल तर ते धुऊन पातळ तेलाचा एकच थेंब. मागच्या अ‍ॅक्सलला आडवा प्ले (ढिलेपणा) दीड-दोन दशांश मिलीमीटर ठेवतो; शिम (पातळ चकती) घालून तो शून्यावर आणला की गाडी हातात छान घट्ट वाटते, पण बेअरिंगवर दाब येऊन चाक फिरायला जड जातं. पुढच्या बाजूला किंगपिनच्या (चाक ज्याभोवती वळतं त्या खिळ्याच्या) भोकात साच्याची बारीक रेघ उरलेली असते. ती ब्लेडने खरवडली नाही तर स्प्रिंग दबते, पण परत वर यायला कुचराई करते. कसोटी सोपी आहे. स्प्रिंग काढून नकल (चाक धरणारा तुकडा) किंगपिनवर सोडायचं. स्वतःच्या वजनाने ते खाली घसरलं पाहिजे.

स्क्रूंबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण निम्म्या गाड्या इथेच बिघडून येतात. जपानी किटचे स्टार स्क्रू जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. आपल्याकडचा साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यांच्या खाचेत पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर उचलला जातो आणि खाच खाऊन टाकतो. आणि प्लास्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात ‘टक’ करून बसला की मग सुलटा. दर वेळी नवे आटे पाडत गेलं तर पाच-सहा वेळा खोललेल्या चेसिसमध्ये स्क्रू नुसता गरगरतो.

गियरचं गणित लोकांना पटायला वेळ लागतो. मूळ स्पर (मागच्या चाकांना फिरवणारं मोठं चक्र) ४४ दात्यांचा. ७ दात्यांच्या पिनियनवर (मोटरवरच्या छोट्या चक्रावर) गुणोत्तर ६.२९, ८ वर ५.५, ९ वर ४.८९. म्हणजे सातवरून आठवर गेलं की गियरिंग एका फटक्यात चौदा टक्क्यांनी लांबतं. छोट्या ट्रॅकवर हा बदल फार मोठा आहे. मोटर वळणातून बाहेर पडताना दमते, तापते आणि सेलही लवकर उतरतात. म्हणून रेसवाले ६४ पिचवर, म्हणजे बारीक दात्यांवर जातात. ५३ दात्यांचा स्पर आणि १० पिनियन ५.३, ११ ला ४.८२, १२ ला ४.४२. पायऱ्या लहान झाल्या की ट्रॅकला साजेसं गियरिंग सापडतं. आमचा नियम असा की सर्वात लांब सरळ भागाच्या शेवटच्या मीटरभरात मोटर पूर्ण वेगाला पोचली पाहिजे. त्याआधीच आवाज स्थिरावला तर पिनियनचा एक दाता वाढवा. शेवटपर्यंत चढतच राहिला तर एक कमी करा. मीटरपेक्षा कान बरा.

डिफ (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) बॉलचा असेल तर स्पर एका हाताने धरून एक चाक फिरवा, दुसरं तितक्याच सहज उलटं फिरलं पाहिजे. मग दोन्ही चाकं धरून स्पर अंगठ्याने ढकलून पाहा; तो सरकायला नको. सरकत असेल तर नट घट्ट करा, पण एका वेळी एक अष्टमांश फेराच. घसरणारा डिफ दोन शर्यतींत रिंगांवर चर पाडतो. बॉलना डिफचं खास सिलिकॉन ग्रीस, थ्रस्ट बेअरिंगला मॉलीचं (मॉलिब्डेनमचं) काळं ग्रीस. अदलाबदल झाली तर डिफ कितीही आवळला तरी पकडत नाही.

यानंतर आम्ही टायरमध्ये शिरलो आणि अजून बाहेर पडलेलो नाही. रबराचा कडकपणा अंशात सांगतात. आकडा लहान, रबर मऊ. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मागे २० किंवा ३०, पुढे ४० ही सुरुवातीची जोडी. पुढचं रबर मागच्यापेक्षा मऊ घातलं की गाडी वळणाच्या तोंडाशीच फिरते, नाहीतर पकड इतकी बसते की थेट आडवी लोळते. लोळणाऱ्या गाडीचं स्प्रिंग कडक करण्याआधी एक स्वस्त उपाय करून पाहा: पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेवर फेविक्विकसारख्या पातळ सायनोचा एक फेर. कड कडक होते, वळताना ती जमिनीला चावत नाही आणि गाडी लोळायच्या ऐवजी थोडी घसरते.

टायर रिमवर चढवणं हे खरं कौशल्याचं काम. रिमवर दोन्ही बाजूंना चिकटणाऱ्या पातळ टेपचा एकच वेढा द्यायचा. टोकाला टोक नेमकं भिडलं पाहिजे. एकमेकांवर चढलं तर तिथे टायरला उंचवटा येतो आणि वेग वाढला की गाडी थरथरायला लागते. मग लोक अ‍ॅक्सल वाकला म्हणून अ‍ॅक्सल बदलतात. फट राहिली तर टायर तिथून सरकायला सुरुवात करतो. टेपवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब पसरून टायर सरकवायचा, म्हणजे जागेवर बसवायला दहा-पंधरा सेकंद मिळतात. मग अल्कोहोल उडून जाईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. रात्रभर ठेवलेलं उत्तम. रंगाचं थिनर इथे चालत नाही. रबर फुगतं, आणि बॉडी एबीएस प्लास्टिकची असेल तर तिच्यावरही डाग पडतो.

जमीन हा टायरचा दुसरा अर्धा भाग. परदेशात या गाड्या बहुतेक एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या फरश्यांवर पळतात, आणि दुकानातली सगळी टायरं त्या हिशेबाने बनतात. आपल्याकडे घरात व्हिट्रिफाइड टाइल नाहीतर कोटा. त्यावर धुळीचा थर बसला की २० काय आणि ४० काय, सारखंच घसरतं. फरशी नुसत्या पाण्याने पुसा. फिनेल टाकून पुसलेली फरशी चकचकीत दिसते, पण तिच्यावर तेलकट पापुद्रा राहतो. टायर साफ करायला मास्किंग टेप उलटी, चिकट बाजू वर करून टेबलावर पसरायची आणि गाडी तिच्यावरून हाताने फिरवायची. शर्यतीच्या मध्ये एवढंच पुरतं.

फोमचे तुकडे आम्हीही ठेवतो आणि भाड्याने देतो. पावसाळ्यात दमट हवेत फोम ओलसर राहतो, पकड उतरते. हॉलमध्ये तासभर पंखे लावल्याशिवाय टायर निवडायला घेऊ नका.

फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची सीमाशुल्काची पट्टी २० वरून ६० टक्क्यांवर गेली, २०२३ मध्ये ७० वर. शिवाय २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट आयात करायचा तर डब्ल्यूपीसीची (सरकारच्या वायरलेस विभागाची) ईटीए ही मंजुरी लागते. नुसत्या विक्रीवर दुकान चालवणं अवघड झालं, आणि तिसरी पायरी आली ती या हिशेबातून. जे भाग सर्वात जास्त मोडतात आणि बाहेरून मागवायला सर्वात महाग पडतात, ते इथेच बनवायचे. पहिला मान टी-प्लेटचा.

टी-प्लेट म्हणजे मागची मोटर-पॉड (मोटर धरणारा भाग) आणि चेसिस यांना जोडणारी पातळ पट्टी. मागच्या बाजूचं सस्पेन्शन म्हणाल तर हीच. ती मऊ असेल तर मागची पकड वाढते. कडक असेल तर गाडी चटकन वळते, पण थ्रॉटलवर मागून सुटते. आम्ही ती एफआर-४ शीटमधून कापतो, म्हणजे सर्किट बोर्डला वापरतात तोच ग्लास-इपॉक्सी. यातली ग्यानबाची मेख जाडीत आहे. पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाने बदलतो. १ मिलीमीटरऐवजी ०.८ घेतली की तिचा कडकपणा जवळपास निम्मा होतो. आणि शीटवर छापलेलं माप नेहमी खरं नसतं. ०.९ आणि १.० या दोन तुकड्यांच्या कडकपणात सदतीस टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक शीट मायक्रोमीटरने चार कोपरे आणि मध्यावर मोजून वेगळी ठेवतो, आणि प्लेटच्या पाकिटावर प्रत्यक्ष जाडी लिहितो.

दुसरी गोष्ट विणीची. शीटमधलं काचेचं कापड ताण्या-बाण्याचं असतं. प्लेट त्याला समांतर कापली तर वाकायला कडक आणि पिळायला मऊ; ४५ अंशांत कापली तर उलट. खडबडीत ट्रॅकला आम्ही ४५ अंशांची देतो, फोमला समांतर. कापल्यावर कडा बारीक पॉलिश पेपरने घासून पातळ सायनोने बंद करतो, नाहीतर ठोकर बसली की थर सुटतात. कार्बन शीटचीही मागणी असते. ती देतो, पण कार्बन वीज वाहून नेतो. मोटरच्या टर्मिनलजवळ कड उघडी राहिली तर शॉर्ट होतो, म्हणून तिथे इन्सुलेशनची पट्टी लावूनच पाठवतो. आणि कुठलीही शीट कापायची ती ओल्यातच. काचेची असो की कार्बनची, ती धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही.

मोटर-पॉडचे अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे भोसरीत जॉबवर्कला जातात. वर्कशॉपवाले सांगतात तो एचई-३० म्हणजे ६०८२ ग्रेड. आमच्या कामाला तो पुरतो. ७०७५ महाग, आणि १७० ग्रॅमच्या गाडीला त्याची ताकद लागत नाही. एम-२ च्या (२ मिलीमीटरच्या) आट्यांना १.६ मिलीमीटरचं ड्रिल. रिम नायलॉनचे थ्री-डी प्रिंटरवर छापून लेथवर खरे करून घेतो. पीएलए प्लास्टिकचे रिम कोणी घरी छापत असेल तर उन्हात बंद कारमध्ये ठेवू नये. साठ अंशांच्या आसपास पीएलए मऊ पडतं आणि रिम अंडाकृती होतात.

प्लेट बसवल्यावर ‘ट्विस्ट’ (चेसिसचा पीळ) तपासायचाच. गाडी काचेवर ठेवा, पुढच्या बंपरच्या बरोबर मध्याखाली ब्लेडचं टोक घालून हळूच उचला. दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी सुटली पाहिजेत. डावं आधी सुटत असेल तर प्लेटचे स्क्रू सगळे सैल करून, गाडी काचेवर दाबून, आळीपाळीने थोडे थोडे आवळा. डावीकडे नीट आणि उजवीकडे नाही, या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

दुरुस्तीला किंवा ट्यूनिंगला गाडी पाठवायची असेल तर सोबत कागदावर तीन गोष्टी लिहा: कुठल्या जमिनीवर पळवता, ट्रॅकचा सर्वात लांब सरळ भाग किती मीटर, आणि पिनियनचे दाते किती. ट्रिपल-ए सेल काढून पाठवा. चारांपैकी एक अशक्त असेल तर तो पूर्ण उतरल्यावर बाकीचे तीन त्याला उलटं चार्ज करतात आणि तो मरतो, तेव्हा चारही सेलवर खूण करून संच कायम ठेवा. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी आम्ही विमानाने पाठवत नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्यांना विमानाच्या कार्गोत ३० टक्क्यांहून जास्त चार्ज चालत नाही आणि प्रवासी विमानात त्या कार्गो म्हणून घेतच नाहीत. रस्त्याने येते, दोन-चार दिवस जास्त लागतात. घरी पडून राहणार असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवा.